जॉन व्हॉन न्यूमन : गिगाहर्ट्झच्या पलीकडचा माणूस

हॉस्टेलवर कुणाचा नवा पीसी आला की पहिला प्रश्न ठरलेला: किती गिगाहर्ट्झ? मग शेजारच्या रूममधला जुना डबा आणून दोघांचा सामना लावायचा. गंमत म्हणजे बऱ्याचदा कमी आकड्याचा प्रोसेसर जिंकतो. नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ बाजारात आला, तेव्हा १.४ गिगाहर्ट्झचा हा नवा गडी काही कामांत १ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ३ च्या मागे पडला होता. २००६ मध्ये तर २.४ गिगाहर्ट्झच्या कोअर २ ड्युओने ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला मागे टाकलं. हे असं का होतं? उत्तरासाठी अशा एका माणसाकडे जावं लागतं, ज्याचं नाव आपण फक्त पाच मार्कांच्या शॉर्ट नोटपुरतं पाठ करतो.

जॉन व्हॉन न्यूमन यांचा जन्म २८ डिसेंबर १९०३ रोजी बुडापेस्टमध्ये झाला. वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर. मुलाला गणिताचं वेड, पण गणितावर पोट कसं भरणार, ही वडिलांची काळजी (आपल्याकडच्या वडिलांपेक्षा काही वेगळी नाही!). मग तोडगा निघाला. मुलाने झुरिकला केमिकल इंजिनिअरिंग केलं आणि त्याच वेळी बुडापेस्टला गणितात डॉक्टरेटही. दोन्ही १९२६ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या आतच. १९३० मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टनला आले, १९३३ पासून तिथल्या इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीमध्ये प्राध्यापक झाले आणि दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामॉसच्या अणुबाँबच्या कामात सल्लागार. तिथल्या आकडेमोडीने त्यांना यंत्राच्या शोधात ढकललं.

१९४४ च्या उन्हाळ्यात अॅबरडीनच्या रेल्वे प्लॅटफॉर्मवर हर्मन गोल्डस्टाइन या लष्करी अधिकाऱ्याशी त्यांची गाठ पडली. बोलता बोलता एनिअॅक नावाच्या यंत्राचा विषय निघाला. सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब्ज, सेकंदाला ५ हजार बेरजा. वेग अफाट, पण नवं गणित द्यायचं तर वायरी काढून पुन्हा जोडायच्या, आणि त्यात दिवसच्या दिवस जायचे. म्हणजे प्रोसेसर सुसाट आणि काम मात्र अडलेलं! यावर उपाय म्हणजे प्रोग्रॅमही डेटासारखाच मेमरीत ठेवायचा. जून १९४५ च्या एडव्हॅकवरच्या अहवालात ही रचना मांडली गेली.

इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी. त्या अहवालावर नाव एकट्या न्यूमन यांचं होतं. यंत्र बांधणारे एकर्ट आणि मॉकली यांचं नव्हतं, आणि त्या कल्पनांत त्यांचाही वाटा होता. दोघं कायमचे दुखावले. १९७३ मध्ये न्यायालयाने एनिअॅकचं पेटंट रद्द ठरवलं, त्याच्या कारणांमध्ये हा अहवालही होता. प्रोजेक्ट रिपोर्टवर ग्रुपमधल्या कुणाचं नाव राहिलं की काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

१९४८ मध्ये एनिअॅकमध्येच बदल करून तो साठवलेल्या सूचनांवर चालवला गेला. त्याचा वेग चक्क कमी झाला, सुमारे एक षष्ठांशावर आला! तरी तो जास्त उपयोगी ठरला, कारण नवं गणित लावायला दिवसांऐवजी तास पुरू लागले. मार्च १९५० मध्ये न्यूमन आणि चार्नी यांच्या गटाने त्यावर हवामानाचा अंदाज काढला. २४ तासांच्या अंदाजाला साधारण २४ तासच लागले. मेमरी इतकी तुटपुंजी की मधली उत्तरं पंच कार्डांवर काढायची आणि पुन्हा आत घालायची, त्यातच बराच वेळ जायचा. २००८ मध्ये तेच गणित नोकिया ६३०० या साध्या मोबाइलवर करून पाहिलं गेलं. सेकंदसुद्धा लागला नाही.

प्रिन्स्टनला न्यूमन यांनी स्वतःचं यंत्र बांधून घेतलं, १९५२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. मेमरी ४० बिटांचे १०२४ शब्द, म्हणजे अवघे ५ केबी. पण त्याची माहिती त्यांनी सगळ्यांना खुली ठेवली, म्हणून जगभर त्याची भावंडं जन्माला आली. आपल्या मुंबईच्या टीआयएफआरमध्ये १९६० साली सुरू झालेला टिफरॅकही त्याच वळणाचा. तोही ४० बिटांचा, मेमरी २०४८ शब्दांची.

याच रचनेत एक अडचणही आहे. सूचना आणि डेटा दोन्ही मेमरीतून एकाच वाटेने येतात. प्रोसेसर कितीही पळाला तरी माल येईपर्यंत त्याला थांबावंच लागतं, मेसमध्ये ताटं भराभर वाढली तरी पोळ्या तव्यावरून उतरायला हव्यात तसं. यालाच पुढे न्यूमन बॉटलनेक म्हणू लागले. कॅश मेमरी वाढवतात ती याचसाठी. पेंटियम ४ चं आणखी एक दुखणं होतं. घड्याळ जोरात पळवायला त्याची पाइपलाइन २० टप्प्यांची केली, पेंटियम ३ ची १० होती. प्रत्येक ठोक्याला काम कमी, आणि पुढच्या सूचनेचा अंदाज चुकला की अख्खी पाइपलाइन पुन्हा भरायची. नुसत्या गिगाहर्ट्झवर कसं जाणार?

१९५५ मध्ये न्यूमन यांना कॅन्सर झाल्याचं कळलं. भलीमोठी आकडेमोड तोंडी करणारा हा माणूस शेवटच्या महिन्यांत स्वतःचं डोकं साथ सोडतंय हे पाहून फार घाबरला होता. मेंदू आणि संगणक यांची तुलना करणारी व्याख्यानं त्यांनी लिहायला घेतली होती, ती अपुरीच राहिली. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी वॉशिंग्टनला ते गेले. वय फक्त ५३. ती अपुरी व्याख्यानं १९५८ मध्ये पुस्तकरूपाने आली.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी दोन पीसींचा सामना लावाल तेव्हा डब्यावरचा आकडा बाजूला ठेवा. आपलं रोजचं काम दोन्हींवर चालवा आणि सुरुवातीपासून उत्तर हातात येईपर्यंत घड्याळ लावा. एनिअॅकचा वेग घटवूनही तो जास्त कामाचा झाला, तो याच हिशेबाने.