विश्लेषण : दातांचा डॉक्टर ते ‘लाल्या’... नाशिककर लेखकाच्या दोन भूमिकांनी काशिनाथ घाणेकर कसे घडले?

गेल्या वर्षी ‘छावा’ पाहून थिएटरबाहेर पडलेल्या तरुणांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की साठ वर्षांपूर्वी मराठी माणसाच्या डोळ्यांसमोरचा संभाजी वेगळाच होता? घाऱ्या डोळ्यांचा, तापट, वडिलांवर जीव असलेला आणि वडिलांशीच भांडणारा. तो रंगमंचावर आला की नाट्यगृहात शिट्ट्या वाजायच्या. नाटकाला शिट्ट्या! मराठी रंगभूमीच्या सोवळ्या प्रेक्षकाला तेव्हा हे नवीन होते. त्या नटाचे नाव डॉ. काशिनाथ घाणेकर. मराठी रंगभूमीचा पहिला सुपरस्टार, असे त्यांचे वर्णन आजही केले जाते. त्यांना हे पद मिळवून देणाऱ्या दोन्ही भूमिका एकाच माणसाने लिहिल्या होत्या. तो माणूस नाशिकच्या एचपीटी कॉलेजात इंग्रजी शिकवत असे.

दंतवैद्यकाकडून रंगमंचाकडे

घाणेकर मूळचे कोकणातल्या चिपळूणचे. मुंबईत त्यांनी दंतवैद्यकाचे शिक्षण घेतले, पदवी मिळवली आणि दवाखानाही चालवला. नावामागचे ‘डॉ.’ हे मिरवण्यापुरते नव्हते. पन्नाशीच्या दशकात मध्यमवर्गीय घरातला मुलगा डॉक्टर होणे म्हणजे घराचे भाग्य उजळणे. हातात अशी पदवी असताना नाटकाच्या बसमध्ये रात्र काढायची, सकाळी कुठल्यातरी गावात उतरायचे, संध्याकाळी तोंडाला रंग लावायचा, हे घरच्यांना पटणे अवघडच. (इंजिनीअरिंग करून बातम्या लिहिणाऱ्यांना हा भाग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.)

तेव्हाची व्यवस्थाही लक्षात घ्यायला हवी. नाटक ही रोजच्या उत्पन्नाची गोष्ट होती. नटाला पगार नसे, प्रत्येक प्रयोगाला ठरलेली ‘नाइट’ मिळे. प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. गावोगावचे कंत्राटदार प्रयोग विकत घ्यायचे आणि नाट्यगृहाचा प्लॅन उघडला की तिकिटे किती जातात यावर त्यांचा नफा-तोटा ठरायचा. त्यामुळे कंत्राटदाराला जाहिरातीत असे काही हवे असायचे, जे वाचून माणूस रांगेत उभा राहील. तोवर हे काम नाटकाचे नाव, लेखकाचे नाव किंवा संस्थेचे नाव करत असे. संगीत नाटकांच्या काळात बालगंधर्वांसारख्या गायक नटाच्या नावावर गर्दी लोटायची, पण ती मुख्यतः गाण्यासाठी. गद्य नाटकातल्या एका नटाच्या नुसत्या येण्यासाठी तिकीट काढायचे, ही सवय लागायची होती.

१९६२ : संभाजी

प्रा. वसंत कानेटकर हे कवी गिरीश यांचे चिरंजीव. नाशिकमध्ये प्राध्यापकी करता करता त्यांनी नाटके लिहिली. १९५७ मधल्या ‘वेड्याचे घर उन्हात’ने त्यांचे नाव झाले होते. १९६२ मध्ये त्यांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ धी गोवा हिंदू असोसिएशनने रंगमंचावर आणले. शिवाजी महाराजांच्या भूमिकेत मास्टर दत्ताराम आणि संभाजीच्या भूमिकेत घाणेकर.

हे नाटक लढायांचे नव्हते. महाराजांच्या अखेरच्या वर्षांत रायगडावर बाप आणि मुलगा यांच्यात पडलेले अंतर, हा त्याचा विषय. जुन्या बखरींनी संभाजीराजांचे चित्र व्यसनी आणि बेजबाबदार असे रंगवले होते. वा. सी. बेंद्रे यांनी कागदपत्रे धुंडाळून लिहिलेले संभाजी चरित्र १९६० मध्ये आले आणि त्या चित्राला तडा गेला. शिवाजी सावंतांची ‘छावा’ कादंबरी यायला अजून १७ वर्षे होती. म्हणजे अभ्यासकांच्या टेबलावर नुकताच उलगडू लागलेला संभाजी सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचवण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत हे नाटक आणि हा नट फार वरच्या जागी आहेत. वडिलांना आपण समजत नाही, ही तक्रार तर घराघरातली होती. घाणेकरांच्या संभाजीत तरुण प्रेक्षकाला स्वतःचे भांडण दिसले.

१९६६ : लाल्या

चार वर्षांनी दुसरी भूमिका आली. कानेटकरांचेच ‘अश्रूंची झाली फुले’, निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेची, दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे. नाटकाचा नायक खरे तर प्रा. विद्यानंद. हा तत्त्वनिष्ठ प्राचार्य संस्थाचालकांच्या कारस्थानात अडकतो, तुरुंगात जातो आणि बाहेर येतो तो सगळी तत्त्वे गुंडाळून ठेवूनच. ही भूमिका स्वतः पणशीकर करत. ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा गाजवलेला हा नट, शिवाय निर्माताही तोच.

लाल्या हा याच कॉलेजातला गुंड विद्यार्थी. विद्यानंद त्याला माणसात आणतात. पुढे तो पोलीस अधिकारी होतो आणि गुन्हेगार बनलेल्या आपल्याच सरांसमोर उभा ठाकतो. लेखनाच्या हिशेबात नाटक विद्यानंदांचे आहे. प्रेक्षकांच्या हिशेबात मात्र ते लाल्याचे झाले. कॉलेजची पोरे लाल्याच्या एंट्रीसाठी तिकीट काढू लागली. एंट्रीला टाळ्या-शिट्ट्या, मग संवाद थांबवून त्या ओसरण्याची वाट पाहणे, आणि परत नाटक सुरू.

नाटकाच्या जाहिरातीत नटांची नावे ओळीने यायची आणि शेवटी स्वतंत्रपणे छापले जायचे : ‘आणि डॉ. काशिनाथ घाणेकर’. यादीत शेवटचे नाव, पण डोळा आधी जायचा तो तिथेच. आज ओटीटीच्या श्रेयनामावलीत मोठ्या स्टारचे नाव असेच शेवटी येते. मराठी नाटकात त्या दोन अक्षरी ‘आणि’ची किंमत कंत्राटदारांना बरोबर कळली होती.

आणखी एक गोष्ट. हे सगळे टीव्हीशिवाय घडले. दूरदर्शनचे मुंबई केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी, म्हणजे लाल्या आल्यानंतर सहा वर्षांनी. घाणेकर घरबसल्या दिसत नसत. त्यांना पाहायचे तर ते गावात येईपर्यंत थांबायचे. कदाचित म्हणूनच ती गर्दी तशी होती.

सिनेमाने काय दिले?

थोडे दिले, पण हवे ते दिले नाही. ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४), ‘पाठलाग’च्याच काळातला ‘पडछाया’ (१९६५), राजदत्तांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट ‘मधुचंद्र’ (१९६७) आणि ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६), हे त्यांचे लक्षात राहिलेले मराठी सिनेमे. ‘दादी माँ’ आणि ‘अभिलाषा’ या हिंदी चित्रपटांतही ते दिसले. पण हिंदीतला स्टार होणे जमले नाही.

‘अश्रूंची झाली फुले’वर १९६९ मध्ये ‘आंसू बन गये फूल’ निघाला. विद्यानंदांच्या जागी अशोक कुमार आले आणि लाल्याच्या जागी देब मुखर्जी. पुढे १९८४ मध्ये यश चोप्रांनी त्याच कथेवर ‘मशाल’ केला, तेव्हा दिलीप कुमार यांच्यासमोर अनिल कपूर उभे होते. नाशिककर लेखकाची गोष्ट दोनदा मुंबईच्या पडद्यावर गेली, ज्याने तो मुलगा जिवंत केला तो नट मात्र दोन्ही वेळा बाहेरच राहिला. नाटक असेच निष्ठुर असते. भूमिका नटाची होते ती पडदा पडेपर्यंत.

दुसरा डॉक्टर, दुसरे नाशिककर

याच सुमारास आणखी एका डॉक्टरने दवाखाना सोडला. कान-नाक-घशाचे शल्यविशारद असलेले डॉ. श्रीराम लागू १९६९ मध्ये पूर्णवेळ नट झाले, तेही कानेटकरांच्याच ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून. पुढच्याच वर्षी, २३ डिसेंबर १९७० रोजी, ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला. लेखक वि. वा. शिरवाडकर, म्हणजे नाशिकचे तात्यासाहेब. मराठीतल्या दोन मोठ्या डॉक्टर-नटांना त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत गाजलेल्या भूमिका एकाच गावातल्या दोन लेखकांनी दिल्या, हा योगायोग नाशिककरांनी जरा अभिमानाने सांगायला हरकत नाही.

लागूंच्या अभिनयाची जात वेगळी होती. संयत, विचार करून मोजलेली. घाणेकरांकडे होता तो आवेग. सत्तरच्या दशकात जाणकारांचा कौल हळूहळू पहिल्या बाजूला झुकला. यात घाणेकरांवर थोडा अन्याय झाला, असे वाटते. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’मधला बापू किंवा ‘आनंदी गोपाळ’मधले हट्टी, विक्षिप्त गोपाळराव या भूमिका केवळ एंट्रीच्या टाळ्यांवर निभावत नाहीत. पण प्रेक्षकाला हवा होता लाल्या, आणि कंत्राटदाराला हवा होता प्रेक्षक. तरुणपणी जो आवेग शोभतो तो चाळिशी ओलांडल्यावर रोज रात्री कुठून आणायचा, याचे उत्तर त्या व्यवस्थेत कुणाकडे नव्हते.

घसरण

दारूचा विषय टाळून हे चरित्र पूर्ण होत नाही. त्यांच्या पत्नी कांचन घाणेकर या ज्येष्ठ अभिनेत्री सुलोचनादीदी यांच्या कन्या. घाणेकरांचा हा दुसरा विवाह, आणि दोघांच्या वयात मोठे अंतर. ‘नाथ हा माझा’ या पुस्तकात कांचन यांनी नवऱ्याचे प्रेम, त्याचा लहरीपणा आणि व्यसन, काहीच झाकून ठेवलेले नाही. मराठीत नटाच्या पत्नीने लिहिलेली पुस्तके पुष्कळ आहेत, इतके निर्भीड क्वचित.

व्यसनाचा फटका शरीराला बसला तसा कामालाही. नाटकात याची किंमत एकट्या नटाला मोजावी लागत नाही. सिनेमात नट आला नाही तर शूटिंग पुढे ढकलता येते. नाटकात हजारभर माणसे तिकीट काढून बसलेली असतात, सहकलाकार रंगून तयार असतात आणि पडदामागच्या माणसांची त्या रात्रीची नाइटही त्याच प्रयोगावर अवलंबून असते. ज्याच्या नावावर हे सगळे उभे, त्याचाच भरवसा उरला नाही की पहिला धक्का त्यांना बसतो.

तरीही दौरे सुटले नाहीत. २ मार्च १९८६ रोजी, नाटकाच्या दौऱ्यावर असतानाच, अमरावतीत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. पन्नाशी ओलांडलेली होती.

आज काय उरले आहे?

ठाणे महापालिकेच्या एका नाट्यगृहाला डॉ. काशिनाथ घाणेकर यांचे नाव आहे आणि तिथे नाटकांचे प्रयोग होतात. २०१८ च्या दिवाळीत अभिजित देशपांडे दिग्दर्शित ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ आला. सुबोध भावे यांनी घाणेकर साकारले, सुमीत राघवन यांनी लागू, तर प्रा. कानेटकर झाले आनंद इंगळे. लाल्या हे नाव तिशीच्या आतल्या बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकले ते तेव्हा.

कानेटकर घाणेकरांनंतर जवळपास १४ वर्षे जगले. जानेवारी २००० मध्ये त्यांचे निधन झाले. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आणि ‘अश्रूंची झाली फुले’ या दोन्ही नाटकांत त्यानंतरही नवे संभाजी आले, नवे लाल्या आले. घाणेकरांना रंगमंचावर पाहिलेला प्रेक्षक आता सत्तरीच्या पुढे आहे. घरात कुणी आजी-आजोबा असतील, तर त्यांना लाल्याची एंट्री कशी होती एवढेच विचारून पाहा.