मेट्रोत रोज ऐकू येणारं नाव: नाना शंकरशेट नेमके कोण होते?

ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबईची मेट्रो 3, म्हणजे ॲक्वा लाइन, थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि पुढच्याच सुट्टीत मी ती बघायला गेलो. मी पिंपळगाव बसवंतचा. आमच्या गावावरून मुंबई-आग्रा महामार्ग जातो, टोमॅटो आणि द्राक्षांच्या गाड्या रात्रभर धावतात, पण गावाला रेल्वे स्टेशन नाही. ट्रेन बघायची तर कसबे सुकेणे, निफाड नाहीतर नाशिक रोड गाठायचं. बहुतेक म्हणूनच मला लहानपणापासून गाड्यांचं वेड लागलं असावं.

सीएसएमटीला मेट्रोत बसलो. काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड आणि मग घोषणा झाली, जगन्नाथ शंकरशेट. शेजारी कॉलेजची दोन मुलं होती. एकाने विचारलं की हे कोण, दुसऱ्याने खांदे उडवले. मी सांगायला गेलो आणि लक्षात आलं की मलाही एकच ओळ येते, मुंबईत रेल्वे आणणारे नाना. इंजिनांचे नंबर पाठ करणाऱ्या माणसाला हे शोभत नाही. घरी येऊन वाचायला बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे सांगतोय.

इंजिनिअर नसलेला रेल्वेवाला

नानांचा जन्म 10 फेब्रुवारी 1803 चा, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचा. घराणं मुंबईतल्या बड्या व्यापाऱ्यांपैकी. 1822 मध्ये वडील गेले आणि एकोणिसाव्या वर्षी सगळा कारभार नानांच्या अंगावर पडला. त्या वयात एवढा पैसा हातात आला तर माणूस काय करेल, तुम्हीच विचार करा. नानांनी त्यातला बराचसा शाळांकडे वळवला. पुढे 1840 मध्ये सरकारने शिक्षणासाठी बोर्ड नेमलं, त्यातही ते होते. 1849 च्या सुमारास मुलींच्या शाळेला जागा मिळेना, तेव्हा त्यांनी आपल्या वाड्यातच शाळा भरू दिली. मुलगी शिकली तर घराला दोष लागतो असं मानणारा तो काळ.

आता रेल्वेकडे येऊ. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे 1830 मध्ये सुरू झाली, तेव्हा नाना 27 वर्षांचे होते. पुढच्या 15 वर्षांतच, 1845 मध्ये, त्यांनी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासोबत मुंबईत रेल्वेसाठी संस्था उभी केली. हीच खटपट पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी या कंपनीत सामील झाली. कंपनीच्या दहा संचालकांत भारतीय दोनच होते, जमशेटजी आणि नाना.

इथे माझ्यातला सॉफ्टवेअरवाला जरा अडला. रूळ आखले जेम्स बर्कली या इंजिनिअरने, इंजिनं जहाजातून इंग्लंडहून आली. मग नानांनी केलं काय? आमच्या क्षेत्रातलं उदाहरण घ्या. यूपीआयचा कोड कितीही चांगला असता, तरी पहिल्या दुकानदाराने काउंटरवर क्यूआर कोड लावला नसता तर तो सर्व्हरवरच पडून राहिला असता. वाफेवर धावणारी लोखंडी गाडी इथे कोणी पाहिलीच नव्हती. तिच्यावर पैसा आणि स्वतःचं नाव लावणारा, शहराचा ज्याच्यावर भरवसा आहे असा माणूस लागत होता. ते काम नानांनी केलं.

34 किलोमीटर

16 एप्रिल 1853, दुपारी 3 वाजून 35 मिनिटं. बोरीबंदरहून 14 डबे, 3 इंजिनं आणि सुमारे 400 पाहुणे घेऊन गाडी ठाण्याकडे निघाली. 21 तोफांची सलामी झाली. इंजिनांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान अशी सांगितली जातात. पाहुण्यांमध्ये नानाही होते. अंतर साधारण 34 किलोमीटर.

गंमत बघा, कफ परेड ते आरे ही पूर्ण मेट्रो 3 आहे साडेतेहतीस किलोमीटरची. म्हणजे जवळपास तेवढंच अंतर, फक्त आता जमिनीखालून. पण लोकलची गाडी मेट्रोच्या रुळावर चालणार नाही. आपल्या रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर 1676 मिलिमीटर आहे आणि या मेट्रोचं 1435. रुंद गेजचा हा निर्णय त्याच सुरुवातीच्या वर्षांतला. एकदा निवडलेलं स्टँडर्ड किती चिकटून राहतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण ही रेल्वे होती कोणासाठी?

हा प्रश्न टाळून नानांचं चरित्र सांगता येत नाही. रेल्वे आली ती आपल्या सोयीसाठी नव्हे. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, कंपनी सरकारला फौज पटकन हलवायची होती. जीआयपीच्या भागधारकांना 5 टक्के परताव्याची हमी होती आणि कमी पडेल ते भारताच्या महसुलातून भरायचं होतं. म्हणजे धोका आपला आणि नफा बहुतांशी लंडनचा.

नानांना हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. 26 ऑगस्ट 1852 ला मुंबईत बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, तिच्या प्रमुख संस्थापकांत नाना होते. कंपनीचा कारभार खर्चिक आहे, भारतीयांना त्यात वाटा नाही, अशा तक्रारींचा अर्ज या संस्थेने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे पाठवला. त्यानंतर आठ महिन्यांच्या आतच पहिली गाडी धावली. एका हाताने इंग्रजांसोबत रेल्वे आणि दुसऱ्या हाताने इंग्रजांविरुद्ध अर्ज! याची किंमतही त्यांनी मोजली. 1857 च्या उठावात त्यांच्यावर संशय घेतला गेला, पण पुरावा काही सापडला नाही. पुढे मुंबईच्या कायदे मंडळात नेमल्या गेलेल्या पहिल्या भारतीयांमध्ये नाना होते.

मला वाटतं, त्यांचं गणित साधं असावं. तंत्रज्ञान परक्याचं असलं तरी एकदा रूळ पडले की ते इथेच राहतात. मग ते वापरायला शिकलेली माणसंही इथेच तयार व्हायला हवीत. म्हणून रेल्वेइतकंच लक्ष शाळांवर. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावाने सुरू झालेली संस्कृतची शिष्यवृत्ती मॅट्रिकच्या हुशार मुलांसाठी मोठा मान होती. सी. डी. देशमुखांनाही ती मिळाली होती.

कसारा घाटात

31 जुलै 1865 ला नाना गेले. त्याच वर्षी थळ घाटातला, म्हणजे कसारा-इगतपुरी मार्ग सुरू झाला. याच मार्गाने रेल्वे मुंबईहून आमच्या नाशिकपर्यंत सलग जोडली गेली. इथला चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड कमी असते. म्हणून घाट चढणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. गाडी पुढचं इंजिन ओढतं आणि मागचे बँकर ढकलतात.

मेट्रो बघून त्या संध्याकाळी परत येताना मी कसाऱ्याला दारापाशी उभा होतो. मागून बँकर लागल्याचा हलका धक्का बसला आणि नाना आठवले. गाडीच्या पाटीवर बँकरचं नाव नसतं. इगतपुरीला तो सुटतो आणि गाडी पुढे निघून जाते. पण तो नसता तर गाडी कसाऱ्यालाच राहिली असती.

आज एआय असो की पेमेंट ॲप, आपण वापरतो त्यातलं बरंचसं दुसऱ्या कोणाच्या फायद्यासाठी बनलेलं आहे. ते वापरायचं नाही असं नाना म्हणाले नसते. ते वापरा, कंपनीच्या खुर्चीतही बसा, चुकीचं दिसलं तर अर्जही करा आणि शेजारच्या मुलीची शाळाही बघा, असं काहीसं त्यांच्या आयुष्यातून मला दिसतं.

पुढच्या वेळी मेट्रोत ती घोषणा झाली आणि शेजारच्याने विचारलं की हे कोण, तर आता सांगा. ग्रँट रोड ते त्यांचं स्टेशन, तेवढा वेळ पुरतो.