कवट्या मोजणाऱ्या इरावतीबाई आणि घरचा वजनकाटा

हल्ली ओपीडीत रुग्ण जुन्या कागदांच्या फाइलीआधी मोबाइल पुढे करतात. घरी घेतलेल्या स्मार्ट वजनकाट्याचे आकडे त्यात असतात. सकाळी चरबी 28 टक्के होती, संध्याकाळी 31 कशी झाली, असा प्रश्न असतो. 70 किलोच्या माणसात तीन टक्के म्हणजे दोन किलोंहून अधिक चरबी. एवढी चरबी एका दिवसात अंगावर चढत नाही. मग काटा खोटा बोलतो का? उत्तर देताना मला इरावती कर्वे आठवतात. ‘युगान्त’मुळे त्या मराठी घराघरांत माहीत आहेत, पण माणसाचे शरीर मोजणे हे त्यांचे शास्त्र होते.

इरावतीबाईंचा जन्म 15 डिसेंबर 1905 रोजी ब्रह्मदेशात म्यिंजान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत इंजिनिअर होते. तिथल्या मोठ्या नदीवरून मुलीचे नाव इरावती ठेवले. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याला, हुजूरपागेत पाठवले. पुण्यात रँग्लर परांजपे यांच्या घरी ती घरच्या मुलीसारखी वाढली. फर्ग्युसन कॉलेजातून 1926 मध्ये तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या. पुढे मुंबईला डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा अभ्यास करून 1928 मध्ये त्यांनी एम.ए. केले. महर्षी कर्वे यांचे चिरंजीव दिनकर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्याशी इरावतीबाईंचे लग्न झाले आणि 1928 च्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या.

तिथे त्यांचे मार्गदर्शक होते प्रा. ऑयगेन फिशर. मानववंशशास्त्र आणि आनुवंशिकतेच्या एका नामांकित संस्थेचे ते प्रमुख होते. गोरे युरोपीय लोक बुद्धीने वरचढ असतात आणि त्याची खूण त्यांच्या कवटीत सापडते, अशी त्यांची धारणा होती. कवटीची डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. हा फरक युरोपीयांमध्ये अधिक असावा, असा त्यांचा होरा होता. तो तपासण्याचे काम इरावतीबाईंकडे आले.

संस्थेत जर्मन वसाहतींतून आणलेल्या कवट्या होत्या, युरोपीयांच्याही होत्या. इरावतीबाईंनी सुमारे दीडशे कवट्यांची दोन्ही बाजूंची मापे घेतली. डाव्या-उजव्या बाजूंत फरक होता, पण त्याचा वंशाशी संबंध दिसला नाही. परक्या देशातल्या तेविशी-चोविशीतल्या विद्यार्थिनीने आपल्याच मार्गदर्शकाला न आवडणारा निष्कर्ष मांडायचा म्हणजे पदवी पणाला लावणे होते. त्यांनी मापे सांगत होती तेच प्रबंधात लिहिले. डॉक्टरेट मिळाली आणि त्या पुण्याला परतल्या. पुढे काही वर्षांतच जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि फिशर यांच्यासारख्यांचे वंशशास्त्र तिच्या कामी आले. हे ध्यानात घेतले की, त्या दीडशे कवट्यांच्या मापांचे मोल कळते.

परतल्यावर काही वर्षे त्यांनी महिला विद्यापीठात रजिस्ट्रार म्हणून काम केले. 1939 मध्ये त्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि अखेरपर्यंत तिथेच राहिल्या. मापनाची साधने घेऊन त्या गावोगाव हिंडल्या. उंची, डोक्याची लांबी-रुंदी, नाकाची मापे घेत गेल्या. संख्याशास्त्र जाणणारे वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापांचे पुस्तक 1951 मध्ये प्रसिद्ध केले. भारतीय नातेसंबंधांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1953 मध्ये आला. कोयना धरणामुळे उठलेल्या गावांतील लोकांची पाहणीही त्यांनी केली. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते. महाभारतातील व्यक्तींवरच्या ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

जर्मनीत शिकलेली वंशाची चौकट मात्र त्यांच्या लेखनातून लगेच गेली नाही. तरी मोजता मोजता ती सैल होत गेली. 1968 मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना प्रसिद्ध केली. नाव एक, दर्जा एक, तरी त्यांच्यात शारीरिक फरक आढळले. मोठ्या गटाची सरासरी त्यातल्या लहान गटालाही लागू पडेलच असे नाही, मग एकट्या माणसाची गोष्ट दूरच. 11 ऑगस्ट 1970 रोजी इरावतीबाई गेल्या.

आता आपल्या काट्याकडे वळू. त्यावर अनवाणी उभे राहिले की वजन खरोखरच मोजले जाते आणि ते बहुधा बरोबर असते. चरबी मात्र काटा मोजत नाही. तो एका पायातून दुसऱ्या पायात अतिशय सौम्य वीजप्रवाह सोडतो आणि त्याला किती अडथळा होतो एवढेच पाहतो. स्नायूंत पाणी आणि क्षार भरपूर असल्याने त्यांतून वीज सहज जाते, चरबीतून जात नाही. या अडथळ्यात आपण भरलेले वय, उंची, लिंग आणि वजन मिसळून काटा एका सूत्राने शरीरातील पाण्याचा अंदाज करतो. चरबी सोडून उरलेल्या शरीरात साधारण 73 टक्के पाणी असते, असे धरून त्या भागाचे वजन काढतो. ते एकूण वजनातून वजा केले की उरते ती चरबी. म्हणजे मोजलेला भाग थोडा आणि गृहीत धरलेला जास्त.

ही सूत्रे ज्यांच्या शरीरांवरून बसवली, त्यांच्यापेक्षा आपला बांधा वेगळा असेल तर आकडा चुकतो. शिवाय प्रवाह मुख्यतः पायांतून आणि कमरेच्या खालच्या भागातून जातो, त्यामुळे पोटातली चरबी त्याला नीट कळत नाही. यवतमाळच्या मे महिन्यात दिवसभर घाम गाळून आलेल्या माणसाच्या अंगात पाणी कमी झालेले असते. अडथळा वाढतो आणि काटा चरबी वाढल्याचे सांगतो. उलट मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारात पायांवर सूज असेल, तर चरबी कमी दिसते. रुग्ण खुश होतो आणि आजार बळावत असतो. डेक्सा या क्ष-किरण तपासणीशी ताडून पाहिले, तर एकेका माणसात काही किलोंचा फरक निघू शकतो.

आपल्या लोकांचा बांधा वेगळा असतो, याचे पुण्याचे उदाहरण जगभर गाजले. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही 22.3 होता. चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. हातापायांनी किरकोळ, पण चरबी अधिक, अशी शरीरे आपल्याकडे खूप आहेत. अशा माणसाला काट्याने निर्धास्त केले, तर त्याचा मधुमेह उशिरा सापडतो.

म्हणून काटा फेकू नका, पण त्याला काय विचारायचे ते ठरवा. आठवड्यातून एकदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर उभे राहा. एका दिवसाच्या आकड्याकडे लक्ष देऊ नका, दोन-तीन महिन्यांचा कल पाहा. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी चरबी मोजण्याचा भाग वापरू नये. आणि शिंप्याची साधी टेप घ्या. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता घेर मोजा. पुरुषांत तो 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या वर असेल, तर काटा काहीही सांगो, रक्तातील साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. सरकारी रुग्णालयात या दोन्ही तपासण्या होतात.

इरावतीबाईंनी बर्लिनमध्ये मोजलेले आणि मानलेले वेगळे ठेवले. काट्यावरून उतरताना आपणही तेवढे करावे.