गाव हेच देऊळ मानणारे राष्ट्रसंत

आश्विन महिना लागला की विदर्भातील खेड्यांना वेगळीच कळा येते. पावसाने निरोप घेतलेला असतो. ज्वारी निसवू लागते, कपाशीची बोंडे उमलू लागतात आणि शिवाराकडे पाहून कास्तकाराच्या मनाला थोडा धीर येतो. घरोघरी घट बसतात. दसऱ्याला आपट्याची पाने देऊन धाकटी माणसे थोरांच्या पाया पडतात. भाद्रपदी पौर्णिमेस आलेली भुलाबाई महिनाभर मुलींची गाणी ऐकून, खिरापतीचा आनंद देऊन कोजागरीच्या चांदण्यात निरोप घेते. त्याच सुमारास पहाटेच्या काकड आरतीचे स्वर गावावर तरंगू लागतात. परंपरेने आलेल्या या सणमालिकेत गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ आणखी एका तिथीची भर पडलेली आहे. ती तिथी म्हणजे आश्विन वद्य पंचमी, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी.

या दिवसांत अमरावती-नागपूर मार्गावरील मोझरीच्या गुरुकुंज आश्रमाकडे खेडोपाडीचे भाविक निघतात. कोणी पालखीसोबत पायी येतो, तर कोणी मिळेल त्या वाहनाने. ध्यान, प्रार्थना, कीर्तन आणि खंजिरी-भजनांनी तो परिसर दुमदुमत असतो. परंतु या उत्सवाचा सर्वोच्च क्षण मात्र नादाचा नाही. सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटे झाली की तो अफाट जनसमुदाय एकदम नि:शब्द होतो. जो जेथे असेल तो तेथेच स्तब्ध होतो. रस्त्यावरील वाहने थांबतात. याच घटकेस महाराजांनी देह ठेवला होता. ज्या सत्पुरुषाने आयुष्यभर खंजिरीच्या तालावर जनांना जागे केले, त्याचे स्मरण मौनाने व्हावे, याचे आम्हांस नेहमीच नवल वाटत आले आहे. या मौनाचा अर्थ शोधावयाचा तर महाराजांच्या चरित्राकडेच वळले पाहिजे.

अमरावती जिल्ह्यातील यावली या लहानशा गावी ३० एप्रिल १९०९ रोजी महाराजांचा जन्म झाला. पित्याचे नाव बंडोजी, मातेचे मंजुळाबाई आणि बाळाचे नाव माणिक. घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची होती. शिवणकामावर कसाबसा प्रपंच चाले. माणिकचे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेले नाही. पाटीपेक्षा भजनात आणि घरापेक्षा देवळात त्याचा जीव अधिक रमे. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्याचे सद्गुरू. माधुकरीच्या भाकरतुकड्यावर राहणाऱ्या या पोराला गुरूंनी तुकड्या हे नाव दिले, असे सांगतात. पुढे राष्ट्रपतिपदापर्यंत पोहोचलेल्या डॉ. राजेंद्रप्रसादांनी ज्यांचा राष्ट्रसंत म्हणून गौरव केला, त्यांनी आपल्या पदांच्या शेवटी जन्मभर हेच तुकड्या नाव घातले. दारिद्र्याची ती खूण त्यांनी कधी पुसली नाही.

सद्गुरूंनी समाधी घेतली तेव्हा माणिक अगदी कोवळ्या वयाचा होता. पोरका झालेला तो जीव रामटेक, सालबर्डी, रामदिघी आणि चिमूरजवळील गोंदोडा येथील अरण्यांत फिरला. एकांतात त्याने ध्यानधारणा केली. अरण्यातून परतलेल्या या तरुण साधूच्या भजनात काही विलक्षण सामर्थ्य होते. खंजिरीवर थाप पडली की हजारो माणसे देहभान विसरत. लोक त्यांना देव मानू लागले. त्यांच्याविषयी चमत्कारांच्या कथा पसरल्या. नवस बोलले जाऊ लागले आणि दर्शनासाठी रांगा लागल्या. १९३५ साली सालबर्डी येथे झालेल्या महायज्ञास तर लाखोंचा समुदाय लोटला होता.

येथेच महाराजांच्या जीवनातील खरी कसोटी आली, असे आम्ही मानतो. एखादा सामान्य साधू या लोकप्रियतेवर आयुष्यभर सुखाने बसून राहिला असता. गादी तयार होती आणि भक्त तर पायांशी होतेच. परंतु पायांवर डोके ठेवून परतणारा तो खेडूत पुन्हा त्याच कर्जात, त्याच व्यसनात, त्याच घाणीत आणि त्याच जातिभेदात जाऊन पडतो, हे महाराजांच्या दृष्टीतून सुटले नाही. दर्शनाने जर त्याच्या गावात काहीच पालटत नसेल, तर त्या दर्शनाचा उपयोग काय, या प्रश्नाने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. पुढे ग्रामगीतेत त्यांनी संतांच्या चमत्कारांवर स्वतंत्र अध्यायच लिहिला आणि चमत्काराहून सेवेचे मोल अधिक ठरविले. ज्याच्या स्वत:च्या नावे चमत्कार सांगितले जात होते, त्यानेच हे लिहावे, यातच त्यांची थोरवी आहे.

१९३५ मध्येच मोझरीला गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली. पुढील वर्षी महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून महाराज सेवाग्रामला गेले आणि सुमारे महिनाभर तेथे राहिले. तेथील सामुदायिक प्रार्थना, सूतकताई आणि सफाई यांचे निरीक्षण त्यांनी जवळून केले. भक्तीला श्रमाची आणि स्वच्छतेची जोड देण्याचा जो विचार त्यांच्या मनात घोळत होता, त्याला तेथे बळ मिळाले. त्यानंतर त्यांच्या भजनांतून देवाच्या बरोबरीने देशही बोलू लागला.

त्याचा परिणाम १९४२ साली दिसून आला. ऑगस्ट महिन्यात चिमूर, आष्टी, बेनोडा आणि खुद्द यावली येथील जनता परकीय सत्तेविरुद्ध उठली. चिमूरला तर ऐन नागपंचमीच्या दिवशी, १६ ऑगस्टला, रक्त सांडले आणि पुढे लष्कराने त्या गावावर अनन्वित अत्याचार केले. महाराजांची जन्मभूमी आज यावली शहीद या नावाने ओळखली जाते, ती त्याच रणधुमाळीची साक्ष होय. महाराजांच्या भजनांनी चेतलेले अनेक तरुण त्या लढ्यात होते, हे सरकारला ठाऊक होते. २८ ऑगस्ट रोजी चंद्रपूर येथे महाराजांना अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत त्यांनी २ डिसेंबरपर्यंत कारावास भोगला. त्या वर्षीचे घट, दसरा, कोजागरी आणि दिवाळी हे सारे सण त्यांच्या वाट्याला गजांआडच आले.

सुटकेनंतर १९४३ मध्ये श्रीगुरुदेव सेवा मंडळाची स्थापना झाली. गावोगाव मंडळाच्या शाखा निघाल्या. पहाटे सामुदायिक ध्यान, रामधून गात गावाची सफाई आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना असा नित्यक्रम खेड्यांनी उचलला. या प्रार्थनेची रचना मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. समोर कोणतीही मूर्ती नसते, कोणाची तसबीर नसते. असते ते केवळ एक रिक्त अधिष्ठान. ज्याने त्याने आपल्या मनातील देव तेथे पाहावा. प्रार्थनेला बसताना पाटील कोण आणि मजूर कोण, स्पृश्य कोण आणि अस्पृश्य कोण, हा भेद राहत नाही. ज्या काळात एकाच गावातील माणसांना एका विहिरीचे पाणी आणि एका देवळाचा उंबरा वर्ज्य होता, त्या काळात एका रांगेत बसून एका सुरात प्रार्थना करणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. विहिरी आणि देवळे सर्वांसाठी खुली व्हावीत, यासाठी महाराजांनी वाणी झिजविली, तिला आधार याच आसनाचा होता. कोणा एकाचा देव तेथे बसविलेला नसल्यामुळे कोणालाही तेथून उठविता येत नव्हते.

१९५५ साली सिद्ध झालेली ग्रामगीता हे या साऱ्या चिंतनाचे फळ. एकेचाळीस अध्यायांचा हा ओवीबद्ध ग्रंथ महाराजांनी ग्रामदेवतेलाच अर्पण केला. त्यात ग्रामशुद्धी आहे, आरोग्य आहे, गोवंशसुधार आहे, स्त्रियांची उन्नती आहे, दलितांची सेवा आहे. आणि सणउत्सव, यात्रामेळे, देवमंदिरे व अंत्यसंस्कार यांवरही स्वतंत्र अध्याय आहेत. महाराजांनी सण मोडावयास सांगितले नाही. कोणता सण कशासाठी आला, त्यातून गावाला काय लाभावे आणि काळाच्या ओघात त्यात कोणती विकृती शिरली, याचा त्यांनी आईच्या मायेने विचार केला. सणाच्या पायी कर्ज होऊ नये. यात्रेत जुगार व नशा नसावी. देऊळ हे गावाचे संस्कारकेंद्र व्हावे. सणाच्या दिवशी गावातील एकही माणूस परका राहू नये. त्यांच्या उपदेशाचे सार आम्हांस असे दिसते.

त्याच वर्षी जपानमध्ये विश्वधर्म आणि विश्वशांती परिषद भरली. यावलीच्या दरिद्री घरातील हा सुपुत्र तेथे गेला आणि देशोदेशीच्या धर्मप्रतिनिधींसमोर त्याची खंजिरी वाजली. विनोबाजींच्या भूदान यज्ञात महाराजांनी मनोभावे साथ दिली. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांच्या वेळी सीमेवर जाऊन जवानांना त्यांनी भजनांतून धीर दिला. परंतु ते कोठेही गेले तरी चित्त खेड्यापाशीच असे. एक गाव उभे राहिले की देश उभा राहील, ही त्यांची श्रद्धा अखेरपर्यंत ढळली नाही.

तो अखेरचा काळ लवकर आला. कर्करोगाने ती धिप्पाड काया पोखरून काढली. ज्या कंठाने लक्षावधींना हलविले, त्या कंठाचे सामर्थ्य ओसरत चालले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, आश्विन वद्य पंचमीस, गुरुकुंजात त्यांनी देह ठेवला. वय अवघे एकोणसाठ वर्षांचे होते. कोजागरी सरून दिवाळीची चाहूल लागण्याचे ते दिवस. शेतात पीक उभे होते आणि ज्याने त्या पिकाच्या धन्याला ताठ मानेने जगावयास शिकविले, तो निघून गेला होता.

त्यानंतर वर्षामागून वर्षे गेली. २००५ साली नागपूर विद्यापीठाला महाराजांचे नाव देण्यात आले. तिसऱ्या-चौथ्या इयत्तेत शाळा सुटलेल्या माणसाच्या नावाने पदव्या मिळू लागल्या. त्यांची जयंती गावोगाव ग्रामजयंती म्हणून साजरी होते, तीत व्यक्तीपेक्षा गावालाच मान आहे. आणि दर आश्विनात गुरुकुंजातील ते मौन घडते.

आता त्या मौनाचा अर्थ उलगडू लागतो. भजन म्हणावयास गळा लागतो, आरतीला तबक लागते, नैवेद्याला पदरी चार पैसे लागतात. मौनाला यांतील काहीही लागत नाही. लेकुरवाळी आई, थकलेला वृद्ध, भूमिहीन मजूर, परधर्मी शेजारी हे सारेच त्यात सारख्या अधिकाराने सामील होऊ शकतात. प्रार्थनेतील ते रिक्त आसन आणि सायंकाळचे ते मौन हे एकाच शिकवणुकीचे दोन आविष्कार आहेत. ज्या उपासनेतून कोणीच वगळला जात नाही, तीच गावाची उपासना, अशी ती शिकवण आहे.

आज आपल्या गावांत उत्सवांना तोटा नाही. मंडप उंच झाले, ध्वनिक्षेपकांचे आवाज वाढले, वर्गणीच्या पावत्या फाटू लागल्या. हा उत्साह वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. तथापि कोजागरीचे दूध आटविताना किंवा सीमोल्लंघनाचे सोने वाटताना आपण आपल्या गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत जातो काय? पीक बुडाल्याने ज्याच्या घरी यंदा चूल थंड आहे, त्याची आठवण आपल्या पंगतीत कोणाला होते काय? हे प्रश्न महाराजांनी आपल्यापुढे ठेवले आहेत आणि त्यांची उत्तरे ज्याने त्याने आपल्या घरीच द्यावयाची आहेत.

आश्विन वद्य पंचमीस गुरुकुंजापर्यंत जाणे सर्वांनाच साधेल असे नाही. परंतु ४ वाजून ५८ मिनिटांनी देवघरापुढे घरच्या सर्वांनी क्षणभर शांत बसावे आणि त्यानंतर उठून शेजारच्या एखाद्या एकाकी घराचे दार ठोठवावे, एवढे तर प्रत्येक कुटुंबाला करता येईल. महाराजांच्या पुण्यस्मरणाची याहून उचित पूजा दुसरी कोणती असेल, असे आम्हांस वाटत नाही.