माँटेसरींची पुढची इयत्ता

माँटेसरी म्हटले, की आपल्याकडे बालवाडीच डोळ्यांसमोर येते. परंतु सहा ते बारा वर्षांच्या मुलांविषयीचा डॉ. मारिया माँटेसरी यांचा विचार परिपक्व झाला तो भारतात, आणि तोही युद्धकाळाच्या बंधनांत.

३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील किआराव्हाले येथे जन्मलेल्या मारिया १८९६ मध्ये रोम येथे डॉक्टर झाल्या. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी ‘बालकांचे घर’ उघडले. १९३९ च्या अखेरीस थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या पुत्र मारिओसह मद्रासला आल्या. जून १९४० मध्ये इटलीने युद्धात उडी घेतली आणि ब्रिटिशांच्या लेखी मायलेक शत्रुदेशाचे नागरिक ठरले. मारिओची रवानगी अहमदनगरच्या छावणीत झाली. मारियांना अड्यारच्या आवारात राहण्याचे बंधन आले. विवाहाविना जन्मलेल्या या मुलाचे नाते त्यांनी अनेक वर्षे जगापासून लपवले होते. सत्तराव्या वाढदिवशी सरकारने त्याची सुटका केली.

पुढे कोडाईकनालच्या मुक्कामात दोघांनी मोठ्या मुलांसाठीचे ‘विश्वशिक्षण’ आकाराला आणले. या वयात कल्पनाशक्ती आणि ‘का’ विचारण्याची वृत्ती जागी होते. म्हणून सुटे विषय शिकवण्याआधी विश्वाची, जीवसृष्टीची, मानवाची, लिपीची आणि अंकांची कथा सांगायची. त्या धाग्यात भूगोल, इतिहास, गणित आपोआप ओवले जातात.

६ मे १९५२ रोजी नेदरलँड्समध्ये त्यांचे निधन झाले. बालवाडी सुटताच मुलांना घोकंपट्टीला जुंपणाऱ्या शाळांनी माँटेसरींची ही पुढची इयत्ता अद्याप गिरवलेली नाही.