विन्या सुरतेला उतरला



सध्या आपण गीतेच्या तिसऱ्या अध्यायात आहोत आणि गाडी स्वधर्म या शब्दावर अडली आहे. स्वधर्म म्हणजे नेमकं काय, तो कळतो कसा, कुठल्या वयात कळतो? आज श्लोकाचा अर्थ बाजूला ठेवतो आणि एका माणसाची गोष्ट सांगतो. ज्यांच्या गीताईतून आपल्यापैकी कित्येकांना गीता पहिल्यांदा भेटली, ते विनोबा भावे.

११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोदे या खेड्यात विनायक नरहर भावे जन्मला. वडील नोकरीसाठी बडोद्याला, त्यामुळे पहिली नऊ-दहा वर्षं आई रुक्मिणीबाई आणि आजोबा शंभुराव यांच्या छायेत गेली. घरात फणस आला की गरे आधी शेजारीपाजारी पोचवायचे. ते काम लहानग्या विन्याकडे. वाटून घरी आल्यावर मग त्याच्या वाट्याचे गरे. आजोबा गणपतीची मूर्ती घरी करायचे, तिची मनोभावे पूजा व्हायची आणि शेवटी तीच मूर्ती पाण्यात सोडायची. इतकं जीव लावून केलेलं असं सोडून द्यायचं, हे त्या पोराने फार लवकर पाहिलं.

पुढे सगळे बडोद्याला आले. तिथला एक प्रसंग मला विशेष आवडतो. आईने देवाला एक लाख तांदूळ वाहायचा संकल्प केला होता. रोज बसून एकेक दाणा मोजायची. वडील म्हणाले, एक तोळा तांदूळ घे, त्यात किती दाणे बसतात ते मोज, त्यावरून लाखाचं वजन काढ आणि कमी पडू नयेत म्हणून वर अर्धा तोळा टाक. वडील रंगाच्या रसायनशास्त्रातले जाणकार, त्यामुळे उत्तर अगदी चोख. आमच्या धंद्यात कोणीही हेच सांगेल, मीही सांगितलं असतं. आईला काय बोलावं सुचेना. संध्याकाळी तिने विन्याला विचारलं. गणित हा तर त्याचा जीव की प्राण! तरी त्याने कौल आईच्या बाजूने दिला. हा हिशेब नव्हेच, दाण्यागणिक देवाची आठवण होते त्यासाठी हे मोजणं आहे, अशा अर्थाचं त्याने सांगितलं. वडिलांना ते पटवायचं कामही आईचं सोपं झालं.

शाळेत वडिलांच्या इच्छेनुसार त्याने फ्रेंच घेतलं. आईला वाटे, आपल्या मुलाला संस्कृत यायला हवं. मग संस्कृत घरी सुरू झालं. एकदा गीतेवरचं प्रवचन ऐकून आई हिरमुसली, कारण संस्कृत तिला कळत नव्हतं. मुलाने मराठीत गीता आणून दिली, तीही तिला जड गेली. तेव्हा तिने सहज सुचवलं की, तूच का नाही सोपी करून देत? मुलाच्या अंगी हे काम आहे हे तिने मुलाआधी ओळखलं होतं, असं मला वाटतं.

कॉलेजात त्याचं मन रमेना. एक ओढ हिमालयाची, ब्रह्मजिज्ञासेची. दुसरी बंगालची, क्रांतिकारकांची. एके दिवशी आई स्वयंपाक करत असताना त्याने आपल्या प्रमाणपत्रांची गुंडाळी करून चुलीत घातली. आता नकोत म्हणतोस, पण ठेवली असती तर काय बिघडलं असतं, असं आईचं म्हणणं पडलं. हे वाचताना मी दर वेळी आईच्याच बाजूचा होतो. माझी डिग्री अजून प्लास्टिकच्या फाईलमध्ये, नॅप्थलिनच्या गोळ्यांशेजारी आहे.

२५ मार्च १९१६. इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसलेला हा वीस वर्षांचा मुलगा सुरतेला उतरला. परीक्षेला न जाता दुसरीकडे जातो आहे, असं वडिलांना पत्राने कळवलं आणि भुसावळमार्गे काशी गाठली. हे पत्र घरात वाचलं गेलं असेल ती दुपार कशी गेली असेल? वाट सापडलेल्या माणसाच्या चरित्रात मागे राहिलेल्यांना एखादी ओळ मिळते, आणि मला ते नेहमी खुपतं.

काशीत एका अन्नछत्रात दुपारचं जेवण मिळे आणि वर दोन पैसे दक्षिणा. त्या दोन पैशांचं दही आणि रताळी म्हणजे रात्रीचं जेवण. बरोबर आलेल्या मित्राचा तिथेच मृत्यू झाला, त्याला अग्नी विनोबांनीच दिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत गांधीजींनी काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात केलेलं भाषण अजून गावात गाजत होतं. ते वाचून त्यांनी गांधीजींना पत्र घातलं, शंका विचारल्या. उत्तरं आली, आणखी शंका गेल्या. शेवटी बोलावणं आलं आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादेत कोचरब आश्रमात भेट झाली. गांधीजी भाजी चिरत होते. त्यांनी याच्याही हातात सुरी दिली. हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती शोधायला निघालेल्याला दोन्ही तिथे भेटल्या. आश्रमातच विनायकाचा विनोबा झाला. मुलगा कुठे आहे हे वडिलांना कळवणारं, त्याचं कौतुक करणारं पत्र गांधीजींनी स्वतः लिहिलं.

मग वर्षभराची रजा घेऊन वाईला नारायणशास्त्री मराठ्यांकडे उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रं, आणि वर्ष भरलं त्या दिवशी आश्रमात हजर. भूदान वगैरे पुढचं सारं आपल्याला माहीत आहेच, त्यात शिरत नाही.

१९१८ च्या ऑक्टोबरात इन्फ्लुएंझाच्या साथीत आई गेली. विनोबा घरी पोचले होते. अंत्यविधी भटजींकडून नको, हा त्यांचा आग्रह. वडिलांना ते मान्य नव्हतं. म्हणून ते स्मशानात गेलेच नाहीत. मित्राला स्वतः अग्नी देणारा हा मुलगा आईच्या वेळी घरी बसला आणि त्या दिवसापासून त्याने वेदांचा अभ्यास सुरू केला. हा हट्ट मला अजून पचलेला नाही. आईची एक साडी त्यांनी जवळ ठेवली होती, उशाला घ्यायचे. पुढे खादीचं व्रत घेतल्यावर, ती खादीची नाही म्हणून, साबरमतीत सोडून दिली.

आईने मागितलेली गीता मात्र राहून गेली होती. ७ ऑक्टोबर १९३० ला वर्ध्याला ती लिहायला घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला पुरी केली. तोवर आईला जाऊन बारा वर्षं झाली होती. नाव ठेवलं गीताई. पुढच्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी अठरा अध्यायांवर अठरा प्रवचनं झाली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. उद्या स्वधर्माच्या श्लोकाकडे परत येताना त्यातलंच तिसरं प्रवचन वाचायला घेऊ.