लिझ्यूची संत तेरेजा : प्रार्थना आणि घरकाम

पालकहो, प्रार्थनेला बसलं की नेमकं दूध उतू जातं ना? मग ही गोष्ट वाचाच.

तेरेजा फ्रान्समधली. जन्म २ जानेवारी १८७३. चार वर्षांची असतानाच आई गेली. १८८८ मध्ये, पंधरा वर्षांची असताना ती लिझ्यूच्या कार्मेल मठात दाखल झाली. मठ म्हटला तरी कामं घरचीच! धुणं धुताना समोरच्या भगिनीकडून तिच्या तोंडावर घाण पाणी उडायचं. मागे सरून तोंड पुसावं असं वाटायचं, पण ती तशीच उभी राहायची. एकदा कुणीतरी ठेवलेली बरणी फुटली, बोलणी मात्र हिला बसली. तिने निमूटपणे माफी मागितली.

संध्याकाळच्या ध्यानाला मागची भगिनी सतत कसलासा बारीक आवाज करायची. तेरेजाला अक्षरशः घाम फुटायचा. शेवटी तिने तो आवाजच संगीतासारखा कान देऊन ऐकला आणि येशूला अर्पण केला. तीच तिची प्रार्थना!

कितीदा तरी ध्यानात तिला डुलकी लागायची. पण झोपलेलं लेकरूही आईबापांना लाडकंच असतं, या विचाराने ती दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रार्थनेला बसायची.

१८९७ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी, ती क्षयाने गेली.